एका गोलाची सूट

सामना हरल्यावर जी सांगतात ती सबब आणि सामन्याआधी जो सांगतात तो अभ्यास, असं वजावटकाकांचं ठाम मत होतं. त्यामुळे आपल्या देशाचा फुटबॉल संघ शेजारच्या देशाच्या संघाशी आपल्याच शहरात खेळणार हे जाहीर झालं, त्याच दिवशी त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. विषय एकच. आपल्या संघाचं कुठे कुठे कमी पडतंय?

वजावटकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. काका विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुणाची गाडी ठोकली किंवा कुणाच्या दुकानात पाणी शिरलं, की काका जाऊन नुकसान बघून येत आणि त्यातून काय काय वजा करता येईल ते सांगत. दरवाजा चेपला खरा, पण तो आधीच गंजलेला होता. फ्रीज बुडाला खरा, पण बुडण्यापूर्वी तो कितपत गार करत होता? नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. कुणी नवं घर दाखवायला नेलं तर काका आधी भिंतीतल्या भेगांची चौकशी करत. त्यांच्या बायकोला सगळी सोसायटी वजावटकाकू म्हणे. आपला काडीचा गुन्हा नसताना हे नाव आपल्याला चिकटलं, याचा राग काकूंनी कधी लपवला नाही.

तर, हा जो अभ्यास चालला होता त्यामागे देशप्रेम होतं असं मुळीच नाही. त्यामागे एक नात होती.

काकांची मुलगी आणि जावई नोकरीसाठी लांबच्या एका शहरात राहत. त्यांची मुलगी आता शाळेत जायला लागली होती आणि शाळेला लांबलचक सुट्टी होती. आईवडिलांना रजा नव्हती. म्हणजे सुट्टी आजोबांकडेच. पण कुठल्या आजोबांकडे?

“बाबा, तुम्ही आणि माझे सासरे मिळून काय ते ठरवा आणि मला एकदाच सांगा,” मुलगी फोनवर म्हणाली. “गेल्या वर्षीसारखी दोघांनी दोन तिकिटं काढू नका.”

सासरे म्हणजे काकांचे व्याही. ते शेजारच्या देशात न्यायाधीश होते आणि निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना जजसाहेब म्हणत. माणूस भला. पण जन्मभर उंच खुर्चीत बसून लोकांची भांडणं ऐकल्यामुळे पुराव्याशिवाय काही मानायचंच नाही, ही खोड हाडीमाशी खिळलेली. घड्याळ मागे पडलंय असं सांगितलं तरी विचारत, “कशावरून?” गेल्या सुट्टीत नात त्यांच्याकडे होती आणि तिचा पहिला दात तिथेच पडला. जजसाहेबांनी त्या दाताचा फोटो पाठवला होता. काकांनी तो नीट न्याहाळला आणि दिवसभर धुसफुसत राहिले.

यंदा दोघेही हटून बसले. काकूंनी सुचवलं, “अर्धी अर्धी करा की सुट्टी.” त्यावर फोनच्या दोन्ही टोकांकडून असा काही निषेध झाला, की जणू कुणी नातच अर्धी करायला सांगितली. शेवटी जजसाहेबच म्हणाले, “व्याहीबुवा, सामना होणारच आहे. ज्याचा संघ जिंकेल त्याच्याकडे सुट्टी.”

“कबूल!” काका गरजले.

“बरोबरी झाली तर?” काकूंनी विचारलं.

“होत नसते,” दोघे एकदम म्हणाले. व्याही झाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते हे पहिलंच.

फोन ठेवल्यावर काका हिशेबाला बसले. शेजाऱ्यांना आपण शेवटचं कधी हरवलं होतं ते कुणाला आठवेना. सर्व्हेअर माणूस, जन्मभर दुसऱ्याचा माल ठोकून ठोकून बघितला, आणि स्वतःचा माल न बघताच सौदा करून बसला! काकांनी पुन्हा फोन लावला.

“जजसाहेब, एक अडचण आहे. आमच्या संघावर काही बाबतींत अन्याय आहे. त्याची वजावट व्हायला हवी.”

“कसला अन्याय?”

“अभ्यास चालू आहे.”

जजसाहेबांनी विचार केला. “ऐका. तुमचे खेळाडू खेळण्यात कमी पडले तर ती काही अडचण नव्हे, तो पराभव. पण बाहेरून लादलेली एखादी खरीखुरी उणीव सिद्ध करून दाखवा. मी तुमच्या नावावर एक गोल लिहितो. पंचाची शेवटची शिट्टी वाजेपर्यंत पुरावा कधीही आणा. मात्र पटला पाहिजे.”

एक गोल! काकांना वाटलं, अर्धी लढाई जिंकली. आणि या आनंदात त्यांनी एक चूक केली. लिफ्टमध्ये ही गोष्ट बोलून दाखवली.

संध्याकाळच्या आत सोसायटी तज्ज्ञांनी भरून गेली. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी काकांना दवाखान्यात ओढलं, रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि वर्तमानपत्रातला आपल्या गोलकीपरचा फोटो दिव्याखाली धरला.

“गाल बघा. डावा. अक्कलदाढ आडवी आहे.”

“तुम्ही तपासलीत?”

“तपासायला कशाला हवी? आडवी दाढ असलेला माणूस डावीकडे उडी मारत नाही. झटका बसतो. आज लिहून ठेवा, गोल डावीकडूनच होणार. आता आलाच आहात तर आ करा.”

काका बाहेर आले ते एक उणीव आणि दोन किडलेले दात घेऊन.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त विज्ञानाच्या बाईंनी गच्चीवर नेऊन ओलं बोट हवेत धरलं. वारा कुठून येतो, चेंडू कसा वळतो, उतारावर काय होतं, हे त्यांनी इतक्या मन लावून समजावलं, की शेवटी त्यांनी नेहमीच्या सवयीनं विचारलं, “आता मला कोण सांगेल?” आणि काकांना मान खाली घालावी लागली. सोसायटीचे सेक्रेटरी त्याहून कामसू. त्यांनी जिन्याखाली एक खोकं ठेवलं आणि वर लिहिलं, ‘राष्ट्रीय संघाच्या अडचणी येथे टाकाव्यात’. चिठ्ठ्या भरभरून आल्या. त्यातल्या निम्म्या पाण्याच्या पंपाबद्दल होत्या.

काकांनी एकेक उणीव फोनवरून दाखल केली. दाढ ऐकताच जजसाहेब म्हणाले, “फोटोवरून मी कुणाला दाढसुद्धा देणार नाही, गोल दूरच.” मग काकांनी मैदानाचा उतार काढला. बाईंच्या शब्दांत, आकडेमोडीसकट. उताराच्या वर चढून गोल करणं किती कष्टाचं, हे सांगताना त्यांना स्वतःलाच धाप लागली.

त्या दिवशी मुलगीही याच फोनवर जोडलेली होती आणि पलीकडे नात ऐकत होती. ती म्हणाली, “पण आजोबा, मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना? मग त्यांनापण चढावंच लागेल.”

“फेटाळला,” जजसाहेब समाधानानं म्हणाले. “पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेलीय.”

हा घाव काकांना उताराच्या घावापेक्षा खोल लागला.

दुसऱ्या दिवशी काका फिरायला म्हणून स्टेडियमवर गेले. तिथे सकाळी कडेच्या वाटेवर लोकांना चालायला सोडत. लोक पाण्याची बाटली घेऊन येत. काकांनी गवंड्याची पाणसळ आणली होती, तीच ती, भिंत सरळ आहे की नाही ते बघायची बुडबुड्याची काठी. रखवालदार हटकेपर्यंत काका गवतावर गुडघे टेकून तीन कोपरे उरकून चुकले होते. चौथ्या कोपऱ्यात काठीतला बुडबुडा पळाला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. गवताखाली चक्क एक उंचवटा होता. पालथ्या परातीएवढा. भेग, गंज आणि उंचवटा दिसला की सर्व्हेअरला जे वाटतं ते इतरांना कळणार नाही. काकांनी त्या उंचवट्यावरून मायेनं हात फिरवला.

“काय हरवलंय का आजोबा?” रखवालदारानं विचारलं.

“सापडलंय!” काका म्हणाले.

आता बाजू बदलण्याचा प्रश्न नव्हता. आपला सगळ्यांत भरवशाचा खेळाडू उजव्या कडेनं धावणारा, त्यांचा डाव्या कडेनं. म्हणजे त्या कोपऱ्यात चेंडू घेऊन जायची पाळी येणार फक्त आपल्या माणसावर. तिथे पाय अडखळणार, चेंडू उसळणार. बाहेरून लादलेली उणीव याहून वेगळी ती काय असते?

जजसाहेबांनाही तर्क पसंत पडला. “पण उंचवटा आहे कशावरून?”

“मी हात लावून आलो!”

“तुम्ही पक्षकार. एखादा अधिकृत कागद आणा.”

म्हणून काका मैदानाच्या कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, गवत उद्यान विभागाकडे, पण गवताखालची माती बांधकाम विभागाकडे.

“आणि उंचवटा?”

“तो गवताचा आहे का मातीचा?”

“दोघांचा मिळून आहे हो.”

“तसं चालत नाही. आधी ते ठरवून या.”

काका जिने चढले, जिने उतरले. उद्यानवाल्यांनी बांधकामवाल्यांकडे पाठवलं, बांधकामवाले जेवायला गेले होते. शेवटी एका कोपऱ्यातल्या टेबलावर एक कारकून भेटला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या हिंडण्यानंतर कुणी बसायला खुर्ची दिली, याचंच काकांना भरून आलं.

“दाखला असा मिळत नाही, काका. पण तक्रार करा. तक्रार आली की आम्हाला उत्तर द्यावंच लागतं. ‘उंचवटा आढळला, योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ ते उत्तर म्हणजेच तुमचा पुरावा.”

“आणि कारवाई?” काकांनी जरा काळजीनं विचारलं.

कारकुनानं त्यांच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “काका, या वयात तुम्हीसुद्धा?”

काकांनी तक्रार ठोकली. शब्दांची कंजुषी केली नाही. ‘राष्ट्राच्या अब्रूस ठेच लागेल असा उंचवटा’ हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते कारकुनाला मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

सरकारी कामाच्या संथपणावर जन्मभर विश्वास ठेवलेल्या माणसाचा असा विश्वासघात आजवर झाला नसेल. सामन्याला मंत्री येणार होते. त्यामुळे मैदानाबद्दलची प्रत्येक तक्रार तातडीची धरायची, असा हुकूम सुटला होता. उत्तराची वाट बघून कंटाळलेले काका एका सकाळी स्टेडियमवर गेले, तर चौथ्या कोपऱ्यात रोलर फिरत होता.

“अहो थांबवा! थांबवा तो रोलर!” काका वाटेवरून गवतात धावले. “तो पुरावा आहे!”

“बाजूला व्हा आजोबा,” मुकादम म्हणाला. “कुणा म्हाताऱ्यानं तक्रार केलीय. राष्ट्राच्या अब्रूचा मामला आहे म्हणे.”

“तो म्हातारा मीच!”

“मग ओरडताय काय? काम बघून घ्या.”

काकांनी काम बघितलं. पाणसळ लावूनही बघितलं. बुडबुडा मधोमध, जागचा हलेना. इतकं चोख काम त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं आणि वजा करायला काही म्हणजे काही सापडेना. पुढे कार्यालयाचं उत्तरही आलं. ‘आपण कळविलेल्या ठिकाणी कोणताही उंचवटा आढळून येत नाही.’

“हा कागद अधिकृत आहे,” जजसाहेब फोनवर म्हणाले. “पण तो तुमच्या विरुद्ध आहे.”

सामन्याच्या दिवशी जजसाहेब स्वतः आले. व्याह्याच्या घरी, व्याह्याच्या खुर्चीत बसून व्याह्याला हरताना बघायचं सुख त्यांना सोडवेना. सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. सामना सुरू होण्याआधी सेक्रेटरी उठले. सोसायटीतल्या कुणाचंही काही चांगलं झालं की भाषण करायचं, हा त्यांचा नियम होता.

“आज आपला संघ ज्या मैदानावर खेळतोय ते इतकं सपाट कुणामुळे झालं? आपल्या वजावटकाकांमुळे!” टाळ्या पडल्या. काकांच्या हातात फुलांचा गुच्छ आला. काकांनी जजसाहेबांकडे बघितलं नाही.

“अभिनंदन, व्याहीबुवा,” जजसाहेब मात्र आवर्जून म्हणाले.

खेळ सुरू झाला. आपली मुलं त्या दिवशी जिवावर उदार होऊन खेळली. मध्यंतर झालं तरी गोल नाही. काकांच्या मनात हळूहळू आशेला पालवी फुटायला लागली. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आपला उजव्या कडेचा भरवशाचा गडी चेंडू घेऊन सुटला, तो नेमका त्या चौथ्या कोपऱ्याकडे. समोर त्यांचा धिप्पाड बचावपटू. आपल्या गड्यानं चेंडू जमिनीलगत पुढे सरकवला आणि स्वतः त्या बचावपटूला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला, चेंडूची वाट बघत.

चेंडू आला नाही. तो सरळ, गुमान, सपाट जमिनीवरून घरंगळत बचावपटूच्या पायात गेला. त्यानं तो लांब भिरकावला, त्यांच्या दोघांनी तो पुढे नेला आणि गोल झाला. गोलकीपर उजवीकडे झेपावला होता, चेंडू डावीकडून गेला.

“दाढ!” दंतवैद्य खुर्चीवर चढून ओरडले. त्यांना दुःख झालं की आनंद, हे सांगणं अवघड होतं.

पडद्यावर आपला गडी त्या कोपऱ्यात उभा राहून बुटाच्या टोकानं जमीन चाचपत होता. काहीतरी ठेवलेलं जागेवर नाही, असा चेहरा. आणि समालोचक सांगत होता, “हा खेळाडू याच मैदानावर लहानाचा मोठा झाला. इथे एक छोटासा उंचवटा होता. त्यावर चेंडू आपटून समोरच्याच्या पायावरून उडवायचा, ही त्याची जुनी युक्ती. घरच्या मैदानावर या कोपऱ्यानं त्याला किती गोल मिळवून दिले! पण एका जागरूक नागरिकाच्या तक्रारीवरून तो उंचवटा नुकताच काढला, असं समजतं.”

हॉलमधली सगळी डोकी वळली. पंखे वळतात तशी, एका लयीत.

“माझ्याकडे काय बघता?” काका गुच्छ छातीशी धरून म्हणाले. “मैदान सपाटच असायला हवं! नियम आहे तो! बाई, तुम्ही सांगा.”

“तत्त्वतः बरोबर आहे,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची थोडी लांब सरकवून बसल्या.

“सपाट करून दिलं त्यात कुणाचं वाईट केलं?” काका हट्टाला पेटले. “उलट आभार मानायला हवेत! चूक त्या पोराची आहे. सपाट जमिनीवर खेळता येत नाही म्हणजे काय?”

“अहो, बसा खाली,” काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

काका बसले नाहीत. अब्रूचा प्रश्न होता. पडद्यावर वेळ संपत चालला होता, आपली मुलं धडका मारत होती आणि काका एकीकडे सपाट मैदानाची थोरवी सांगत होते. जजसाहेब पुढे झुकले आणि त्यांच्या कानाशी लागले.

“व्याहीबुवा, शिट्टी अजून वाजलेली नाही. बाहेरून लादलेली उणीव. समालोचकाची साक्ष झाली, कार्यालयाचा कागद आहे. पण न्यायाधीश स्वतःहून कुणाची बाजू मांडत नसतो. पक्षकाराला मांडावी लागते.”

काकांना कळायला क्षणभर लागला. कळल्यावर ते पांढरेफटक पडले.

“इथे? सगळ्यांसमोर?”

“साक्षीदार नकोत का?”

काकांनी हॉलभर नजर फिरवली. आतापर्यंत ते जे ओरडून सांगत होते त्याच्या बरोबर उलटं आता सांगायचं, तेही याच लोकांपुढे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मालात खोट काढली. स्वतःत काढायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे सरावही नव्हता. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, “पोरीचे पुढचे दोन दात हलताहेत. परवा फोनवर सांगत होती.”

काकांनी गुच्छ खाली ठेवला.

“ऐका,” ते म्हणाले. “आपल्या संघाची, बाहेरून लादलेली, एक उणीव आहे. ती... म्हणजे... मी आहे.”

“मागे ऐकू येत नाही!” दंतवैद्य म्हणाले.

“मी! मी आहे ती उणीव! उंचवटा कामाचा होता, तो मी घालवला! झालं समाधान?”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल हसत टाळ्यांत सामील झाला. गुच्छ मिळाला तेव्हाच्यापेक्षा टाळ्या पुष्कळच जोरात होत्या. त्यातच पंचाची शिट्टी वाजली.

“सिद्ध,” जजसाहेब गंभीरपणे म्हणाले. “उणीव मोठी आहे, पण ठरल्याप्रमाणे गोल एकच. एक-एक.”

“म्हणजे बरोबरी,” काकू म्हणाल्या. “होत नसते ना?”

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग काकांनी घसा साफ केला, जजसाहेबांनी चष्मा पुसला आणि सुट्टी अर्धी अर्धी करायची, ही नवी कल्पना दोघांनी मिळून मांडली. काकूंनी ती मोठ्या मनानं मान्य केली.

“मात्र पहिली अर्धी माझ्याकडे,” काका घाईघाईनं म्हणाले. “दात हलताहेत.”

“म्हणूनच माझ्याकडे,” जजसाहेब म्हणाले.

वाद पुन्हा पेटणार, तेवढ्यात सेक्रेटरींनी खिशातून एक नाणं काढलं. “छापा की काटा, एकदाच काय तो निकाल लावा.”

जजसाहेब कबूल झाले. सेक्रेटरींनी नाणं अंगठ्यावर ठेवलं, हॉल श्वास रोखून उभा राहिला आणि काकांनी हात पुढे करून नाणं उचलून घेतलं. चष्मा कपाळावर चढवला, नाणं दिव्याखाली धरलं, कडेवरून बोट फिरवलं.

“जरा थांबा,” ते म्हणाले. “हे एका बाजूनं झिजलंय.”